जुन्या जीपचे मागचे एक्सल शाफ्ट: रंगाच्या आधी यांच्याकडे का बघायचं

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम आणले. गाडी मूळ रूपात जपलेली असेल आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. या नियमांमुळे शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणावी, असं वाटणाऱ्यांना एक सरळ वाट मिळाली.

मग गाडी गॅरेजात जाते आणि खर्चाचा अंदाज हातात येतो. इंजिनाचं काम, रंग, हूड, सीटा हे सगळं मालकाला समजतं. मध्येच एक ओळ असते: मागचे एक्सल शाफ्ट दोन नग, बेअरिंग आणि सीलसह. इथे बहुतेक जण अडतात. गाडी उभी केली तेव्हा तर नीट चालत होती, मागून आवाजही येत नव्हता, मग हे कशाला? बाहेरून न दिसणाऱ्या दांड्यावर एवढा पैसा घालण्यापेक्षा रंग चांगला मारू, असं ठरतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. का, ते विलीजच्या जीपचं उदाहरण घेऊन सांगतो. महाराष्ट्रात ही जीप शेतापासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे वावरली. शिवाय तिची दोन भावंडं दिसायला सारखी असली, तरी मागच्या एक्सलच्या बाबतीत अगदी वेगळी आहेत.

## एक्सल शाफ्ट करतो काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब फिरत्या दांड्याने मागे जाते. तो दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो आडवा पोकळ लोखंडी भाग दिसतो ते एक्सलचं हाउसिंग. त्यातल्या फुगीर गोळ्यात डिफरन्शिअल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही गिअरची जोडणी. तिच्यातून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन पोलादी दांडे निघतात आणि चाकापर्यंत पोचतात. हेच एक्सल शाफ्ट. गॅरेजात कुणी हाफ शाफ्टही म्हणतं.

आता बैलगाडी आठवा. तिचा आस स्वतः फिरत नाही. गाडीचा सगळा भार तो पेलतो आणि चाक त्याच्यावर गरगरतं. ओढायचं काम बैलांचं असल्यामुळे चाकाला फिरवणारं वेगळं काही लागत नाही. मोटारीत मात्र चाकालाच फिरवायचं असतं. त्यामुळे बनवणाऱ्यासमोर प्रश्न येतो: भार पेलायचं आणि चाक फिरवायचं, ही दोन्ही कामं एकाच दांड्याच्या गळ्यात घालायची, की वाटून द्यायची? जुन्या गाड्यांच्या मागच्या एक्सलमधले बहुतेक फरक या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांतून आले आहेत.

## दोन जीप, दोन उत्तरं

दुसऱ्या महायुद्धात विलीजने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने जवळपास एकसारख्या जीप बनवल्या. १९४१ ते १९४५ या काळात दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. या लष्करी जीपच्या मागच्या एक्सलमध्ये कामं वाटून दिलेली आहेत. चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, हाउसिंगच्या टोकावरच, दोन टेपर रोलर बेअरिंगांवर बसतो. गाडीचा भार हबकडून बेअरिंगकडे आणि तिथून थेट हाउसिंगवर जातो. शाफ्ट मधून येतो, त्याच्या टोकाची गोल चकती बोल्टांनी हबला जोडलेली असते आणि त्याने फक्त चाक फिरवायचं. भाराशी त्याचा संबंध नाही. या रचनेला फुल-फ्लोटिंग म्हणतात. बोल्ट काढले की गाडी चाकांवर उभी असतानाच शाफ्ट बाहेर ओढता येतो.

युद्धानंतरच्या नागरी जीपचं उत्तर वेगळं आहे. १९४५ मध्ये आलेल्या ‘सीजे-२ए’च्या सुरुवातीच्या गाड्यांना लष्करी धाटणीचाच एक्सल होता, पण लवकरच तो बदलला. आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली उंच बॉनेटची जीप म्हणजे ‘सीजे-३बी’. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ या काळात बनली आणि महिंद्राने पुढे कित्येक वर्षं भारतात बनवली. तिच्या मागे स्पायसर, म्हणजेच डाना, या अमेरिकी कंपनीचा ‘४४’ क्रमांकाचा एक्सल येतो. यात चाकाचं बेअरिंग शाफ्टवरच दाबून बसवलेलं असतं. बेअरिंगच्या बाहेर शाफ्टचं टोक निमुळतं होत जातं, त्यावर हब चढतो, दोघांच्या मध्ये खाचेत बसणारा एक पोलादी तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात, आणि टोकाला मोठा नट. भार पेलणारा आणि फिरवणारा दांडा एकच. ही सेमी-फ्लोटिंग रचना.

या दोन टोकांच्या मधलाही एक प्रकार आहे. इंग्लंडच्या ‘मॉरिस मायनर १०००’मध्ये तो दिसतो. तिथे बेअरिंग हाउसिंगवर असतं, पण एकच. त्यामुळे वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटा काही प्रमाणात शाफ्टलाच सोसावा लागतो.

सेमी-फ्लोटिंग म्हणजे कमी दर्जाचं काम, असा अर्थ कुणी काढू नये. ते हलकं पडतं, स्वस्त पडतं, आणि जगभरातल्या असंख्य मोटारी त्यावर सुखाने धावल्या आहेत. फरक एवढाच की त्यात शाफ्टचं वय हा प्रश्न फार महत्त्वाचा होतो.

आपल्या जीपला कुठला एक्सल आहे हे बॉडीवरून ठरवू नका. इतक्या वर्षांत कुणीतरी जुन्या बाजारातून मिळेल तो एक्सल आणून बसवलेला असू शकतो. मागच्या चाकाच्या मध्यभागी बघा. गोलाकार मांडलेल्या बोल्टांची चकती दिसली तर फुल-फ्लोटिंग. एकच मोठा खाचांचा नट आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन दिसली तर सेमी-फ्लोटिंग. हे बघायला एक मिनिट लागतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

## चांगलं पोलाद तुटतं कसं?

शाफ्टवर दोन प्रकारचे ताण येतात. पहिला पिळाचा. सीजे-३बीच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा सर्वाधिक पीळ सुमारे १५५ न्यूटन-मीटर आहे. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन टांगलं की जो पीळ बसतो, तो एक न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ सुमारे २.८ पट होतो आणि डिफरन्शिअलमध्ये आणखी ५.३८ पट. गुणाकार केला की २,३०० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. तो दोन शाफ्टांत निम्मा-निम्मा वाटला, तरी एकेकाला साडेअकराशेच्या आसपास येतात. म्हणजे एक मीटरच्या पान्याला ११५ किलोंहून जास्त वजन लटकवल्यासारखं. चिखलात रुतलेली गाडी क्लच झटक्यात सोडून बाहेर काढताना क्षणभर यापेक्षाही जास्त बसतो.

दुसरा ताण वाकण्याचा, आणि तो फक्त भार पेलणाऱ्या शाफ्टला येतो. जमीन चाकाला वर ढकलते, गाडीचा भार बेअरिंगला खाली दाबतो, आणि मधला शाफ्ट वाकू पाहतो. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही. पण शाफ्ट फिरत असतो. त्याच्या पृष्ठभागावरचा एखादा बिंदू तळाशी असताना ताणला जातो, अर्ध्या फेऱ्यात वर आला की दाबला जातो, पुन्हा खाली आला की ताणला जातो. ६.००-१६ मापाचा टायर एका किलोमीटरला साधारण ४५० फेरे घेतो. लाख किलोमीटर चाललेल्या जीपमध्ये त्या बिंदूने साडेचार कोटी वेळा ताण आणि दाब सोसलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या जीपचा मीटर बहुधा केव्हाच बंद पडलेला असल्यामुळे लाख झाले की चार लाख, हे सांगायला कुणी नसतं.

एका झटक्यात तोडू न शकणारा ताण कोट्यवधी वेळा आला की धातू थकतो. पृष्ठभागावर जिथे ताण एकवटतो तिथे केसाहून बारीक भेग पडते. चावीच्या खाचेचा धारदार कोपरा, जाडी एकदम बदलते ती जागा, गंजाचा खड्डा, सीलने घासून पाडलेली चर, या तिच्या ठरलेल्या जागा. एकदा पडलेली भेग प्रत्येक जोराच्या धक्क्यासरशी थोडी आत सरकते. उरलेला गाभा भार पेलेनासा झाला की शाफ्ट एका क्षणात तुटतो. असा तुटलेला शाफ्ट मिळाला तर त्याचा छेद जरूर बघा. एका कडेपासून आत सरकत गेलेल्या वक्र रेषांचा गुळगुळीत भाग दिसतो आणि उरलेला भाग खडबडीत. गुळगुळीत भाग म्हणजे आधी बराच काळ चालू असलेलं तुटणं. त्या सगळ्या काळात गाडी ‘नीट चालत’ असते. आवाज येत नाही, थरथर जाणवत नाही.

याच कारणासाठी जीपला रुंद टायर आणि बाहेर काढलेली रिम लावण्याची हौस मला पटत नाही. मागच्या एका चाकावर ४०० किलो भार धरला आणि चाकाचा मध्य ५ सेंटिमीटर बाहेर नेला, तर वाकवणाऱ्या बळात सुमारे २०० न्यूटन-मीटरची भर पडते. तीही प्रत्येक फेऱ्याला.

## “पण काढून पाहिला, दिसायला ठणठणीत आहे”

डोळ्यांनी बघून काही गोष्टी नक्की कळतात, म्हणून आधी शाफ्ट स्वच्छ धुवा. डिफरन्शिअलमध्ये शिरणाऱ्या टोकाला लांबीच्या दिशेने खाचा असतात. त्या स्प्लाइन. त्यांची रेषा सरळ हवी. ती जराशी जरी तिरकी गेलेली दिसली तर शाफ्ट पिळून कायमचा वाकडा झालेला आहे. तो तिथेच बाजूला ठेवा. मग लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरून हळू फिरवायचा आणि डायल गेज लावून तो डुलतो का बघायचं. बेअरिंग बसतं ती जागा मायक्रोमीटरने मोजायची. निमुळत्या टोकाला तपासणीचा निळा रंग पातळ लावून हब चढवायचा आणि काढून बघायचं. रंग सगळीकडे सारखा उमटला तर ठीक. पट्ट्यापट्ट्यांनी उमटला तर हब मधूनमधूनच टेकतोय, आणि मग सगळा पीळ एकट्या चावीवर येतो.

भेगा शोधायच्या दोन पद्धती आहेत. एकीत शाफ्टवर लाल भेदक द्रव लावतात, पुसतात आणि वर पांढरी पूड फवारतात. भेगेत शिरलेला द्रव पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटतो. याचे डबे बाजारात मिळतात आणि चांगलं गॅरेज हे स्वतः करू शकतं. दुसरी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी. शाफ्टला चुंबकीय करून त्यावर लोहकणांचा द्रव सोडला की भेगेच्या काठावर कण गोळा होतात. पोलादासाठी ही पद्धत अधिक भरवशाची, कारण पृष्ठभागाच्या लगेच खालची भेगही ती दाखवू शकते. पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूर यांसारख्या, फोर्जिंग आणि मशीनिंगचे कारखाने असलेल्या ठिकाणी हे करून देणारे सापडतात.

मात्र तपासणीत भेग दिसली नाही याचा अर्थ आज भेग नाही, एवढाच. किती आयुष्य खर्ची पडलं आहे हे कुठलीच तपासणी सांगत नाही. म्हणून माझं मत असं: फुल-फ्लोटिंग एक्सलचा शाफ्ट सगळ्या तपासण्यांतून पार झाला तर खुशाल पुन्हा बसवा. सेमी-फ्लोटिंग असेल आणि गाडीचा इतिहास माहीत नसेल, तर तपासणी चांगली आली तरी दोन्ही शाफ्ट बदला. दोन्ही, कारण डाव्याने आणि उजव्याने सारखेच दिवस काढलेले असतात.

## तुटला तर नेमकं काय होतं?

फुल-फ्लोटिंग जीपमध्ये शाफ्ट तुटला तर चाक जागेवर राहतं, कारण ते हाउसिंगवर बसलेलं आहे. मागून ओढ मिळणं थांबतं. पण फोर-व्हील लावली की पुढची चाकं गाडीला घरी आणतात.

सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला, आणि चावीची खाच नेमकी तिथेच आहे, तर चाक, हब आणि ब्रेकचा ड्रम तिन्ही एकत्र निसटू शकतात. ड्रम गेला की ब्रेकच्या शूंना अडवायला काही उरत नाही. घाबरून पेडल दाबलं की व्हील सिलिंडरमधले पिस्टन बाहेर ढकलले जातात आणि ब्रेक ऑइल वाहून जातं. त्या काळच्या जीपची ब्रेक यंत्रणा एकाच सर्किटची. एका चाकाकडे गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

मग हँडब्रेक ओढावा? इथे जीपची एक खास गोष्ट कळणं जरुरीचं आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागे असतो आणि प्रोपेलर शाफ्टला धरून ठेवतो. म्हणजे त्याची पकड चाकापर्यंत पोचते ती डिफरन्शिअल आणि एक्सल शाफ्ट यांच्यामार्फत. एका बाजूचा शाफ्ट तुटला की ती बाजू मोकळी होते. डिफरन्शिअलचा स्वभाव असा की एका बाजूला अडवणारं काहीच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही ते जोर देत नाही. तुटकी बाजू आत उलटी फिरत राहते, चांगलं चाक पुढे फिरत राहतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उतारावर चालू लागते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. हे फुल-फ्लोटिंग जीपलाही तितकंच लागू आहे. फोर-व्हील लावलेली असेल तर पुढच्या चाकांमार्फत पकड मिळते, एवढाच दिलासा.

याच कारणामुळे मागचं एक चाक जॅकने उचललं की या जीपचा हँडब्रेक निकामी होतो. हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकतं. तेव्हा एक्सलचं काम सुरू करण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि गाडी जॅकवर न सोडता घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी करा. जीपवर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्यांदा हे सांगतो.

## “टर्नर आहे ना, लेथवर बनवून देईल”

आपल्याकडचे टर्नर कसबी आहेत, यात शंका नाही. जुन्या गाड्या आजवर जगल्या त्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. पण शाफ्टचा जीव मापात कमी आणि धातूत जास्त असतो. कारखान्यातला शाफ्ट मिश्र पोलाद तापवून, ठोकून घडवलेला असतो आणि नंतर त्याच्यावर उष्णता-प्रक्रिया होते. वरचा थर कठीण आणि आतला गाभा चिवट, हा तोल त्यातून येतो. साध्या पोलादाची सळई आणून हुबेहूब मापात कापलेला शाफ्ट हातात घेतला तर फरक कळणार नाही. घाटात कळेल.

बनवूनच घ्यायची वेळ आली तर ईएन-१९ किंवा ईएन-२४ यांसारखं पोलाद, त्याचा प्रमाणपत्रासह पुरावा, योग्य उष्णता-प्रक्रिया आणि शेवटी कठीणपणाची चाचणी, इतक्या गोष्टी लेखी मागा. जाडी बदलते त्या ठिकाणी काटकोनी कोपरा नको, गोलाई हवी. तो कोपराच पुढे भेगेची जागा होतो. आणि तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून वापरणं कुठल्याही परिस्थितीत नको. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाची प्रक्रिया बिघडते आणि तिथे नवा कमकुवत पट्टा तयार होतो. झिजलेल्या बेअरिंगच्या जागेवर वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा घासून घेणंही त्यातच आलं.

तयार शाफ्ट घेणं बहुधा सोपं पडतं, फक्त ‘जीपचा शाफ्ट द्या’ एवढं सांगून भागत नाही. या जीपचं डिफरन्शिअल मध्यावर नसून उजवीकडे सरकलेलं असतं, म्हणून डावा शाफ्ट उजव्यापेक्षा लांब असतो. ‘४४’ क्रमांकाच्याच एक्सलमध्ये काळानुसार १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे शाफ्ट आले. जुना शाफ्ट काढून स्प्लाइन मोजा, लांबी मोजा, निमुळत्या टोकाची मापं घ्या आणि मगच मागणी द्या. इतर गाड्यांतही असंच असतं. इंग्लंडच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये सुरुवातीला एका प्रकारचा आणि नंतर दुसऱ्या प्रकारचा मागचा एक्सल आला, आणि एकाचे शाफ्ट दुसऱ्याला चालत नाहीत.

## काढताना आणि बसवताना

हे काम मॅन्युअल समोर ठेवून, प्रेस आणि पुलर असलेल्या गॅरेजातच व्हायला हवं. तरी मालकाला काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणजे उभं राहून बघताना काय बघायचं ते कळतं.

निमुळत्या टोकावर वर्षानुवर्षं घट्ट बसलेला हब सहज सुटत नाही. त्यासाठी मजबूत हब पुलर लागतो. नट पूर्ण काढायचा नाही, काही आटे तसेच ठेवायचे. हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीच्या जोराने निघतो आणि समोरच्या माणसाला लागू शकतो. शाफ्टच्या टोकावर घण घालू देऊ नका. तो मार आटे तर बिघडवतोच, शिवाय शाफ्टच्या आतल्या टोकातून डिफरन्शिअलमधल्या ठोकळ्यावर आणि पलीकडच्या शाफ्टवर जातो.

नवं बेअरिंग शाफ्टवर प्रेसने दाबताना जोर फक्त आतल्या रिंगवर यायला हवा. ज्योतीने तापवून बेअरिंग चढवणं किंवा काढणं टाळा. ऑइल सील प्रत्येक वेळी नवं घ्या. शाफ्टला किती आडवा प्ले, म्हणजे हलायची मोकळीक, ठेवायची हे शिमांनी, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्यांनी, ठरतं, आणि हा प्ले इंचाच्या काही हजाराव्या भागांत असतो. दोन्ही शाफ्ट आत मधल्या ठोकळ्याला टेकत असल्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र करावा लागतो. जुन्या शिमा तशाच टाकून प्ले न मोजता गाडी जुळवली, तर नवं बेअरिंगही लवकर जातं.

निमुळतं टोक आणि हबचं आतलं अंग दोन्ही कोरडं, स्वच्छ हवं. ग्रीस लावायचं नाही. ती जोडी घर्षणावरच पीळ पोचवते, चावी मदतीला असते. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या पिळापर्यंत, आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा आवळून जुळवायचा, सैल करून कधीच नाही.

आणखी एक जागा जी रिस्टोरेशनमध्ये हमखास विसरली जाते: एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारं छोटं भोक. वर्षानुवर्षांच्या चिखलाने ते बुजलेलं असतं, किंवा नव्या रंगाने बुजतं. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि वाट न मिळाल्याने तेल नव्या सीलमधून ब्रेक लायनरवर ढकलते. मग सील खराब निघालं म्हणून ओरड होते. रंगाऱ्याकडे हाउसिंग जाण्याआधी ब्रीदर काढून ठेवा.

## “नवा शाफ्ट घातला तर गाडी मूळची कशी?”

हा आक्षेप मी मनापासून मानतो, कारण मूळपण जपावं म्हणूनच तर हा खटाटोप. पण व्हिंटेज नोंदणीच्या नियमांचा भर चासी, बॉडी आणि इंजिन यांच्यावर आहे. टायर, ब्रेकचे लायनर, बेअरिंग यांच्यासारखाच शाफ्टही झिजणारा, बदलावा लागणारा भाग. कारखान्याने सुटे शाफ्ट भाग-क्रमांकासह विकले ते याचसाठी. त्याच मापाचा, त्याच रचनेचा नवा शाफ्ट घातल्याने गाडीचं मूळपण जात नाही. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपच्या मालकाला मात्र या नियमांकडे नीट बघावं लागेल.

खरा विचार करायला लावणारा पर्याय वेगळा आहे. निमुळत्या टोकाच्या शाफ्टऐवजी एक-अखंड शाफ्ट मिळतात, ज्यांच्या टोकाची चकती शाफ्टमधूनच घडवलेली असते. वेगळा हब नाही, चावी नाही, खाच नाही. म्हणजे भेग सुरू होण्याची सगळ्यात वाईट जागाच नाहीशी होते. जंगलात, डोंगरात जीप जोरात वापरणाऱ्याने तेच घ्यावेत. प्रदर्शनात परीक्षकांसमोर ठेवायची असेल तर चाकाच्या मधला तो नट दिसायला हवा, तेव्हा मूळ धाटणीचे नवे शाफ्ट घ्यावेत. एकच लक्षात ठेवायचं: एक-अखंड शाफ्टही सेमी-फ्लोटिंगच राहतो. भार त्याच्यावरच असतो.

## “वर्षातून दोनदा रॅलीला जाणार, मग एवढं कशाला?”

व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला रोजच्या वापराची मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. त्यामुळे नवे किलोमीटर थोडेच होतात, हे खरं. पण शाफ्टच्या आत पडलेली भेग पन्नास वर्षांची कमाई असते. ती कमी वापराने मागे जात नाही. उलट उभ्या गाडीत बेअरिंगशेजारी पाणी साठून शाफ्टवर गंजाचे खड्डे पडतात. शिवाय रॅलीच्या दिवशी गाडीत घरची सगळी माणसं असतात, रस्त्याच्या कडेला बघ्यांची गर्दी असते आणि मार्गात एखादा घाट येतोच. चाक निसटायला याहून वाईट दिवस कुठला?

नवे शाफ्ट बसवल्यावर पहिली छोटी फेरी मारून या आणि दोन्ही हबांना हात लावून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर प्ले पुन्हा मोजायला सांगा. डिफरन्शिअलच्या तेलाची पातळी बघा, ब्रेकच्या बॅकिंग प्लेटखाली, म्हणजे ड्रमच्या आतल्या बाजूच्या स्थिर पत्र्याखाली, तेलाचा ओघळ आहे का ते बघा. मग स्प्लिट पिना काढून दोन्ही नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नवा हब निमुळत्या टोकावर पहिल्या काही किलोमीटरमध्ये आणखी थोडा सरकून बसतो आणि नट तेवढा ढिला पडतो. पिना नव्या घाला.